कमठाण्याच्या वाचनालयातली उगवण चाचणी

कर्नाटकात बीदरजवळच्या कमठाण्यात धनराजचं बियाण्याचं दुकान आहे. दुकानावर मोठी पाटी आहे, पण तिच्याकडं कुणी बघत नाही. लोक बघतात ते दाराशेजारच्या ओल्या पोत्याकडं. उन्हाळा सरत आला की धनराज नव्या थैलीतनं शंभर दाणे मोजून काढणार, ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीनं मांडणार, पोत्याची वळकटी करून सावलीत ठेवणार आणि सहाव्या दिवशी चार माणसांदेखत उघडणार. सत्तरच्या वर दाण्यांना मोड आले तर ती थैली विकायची, नाहीतर कंपनीला परत. बावीस वर्षं हे चाललंय. "धनराजनं पास केलं" म्हटलं की आजूबाजूच्या चार गावांत पुढं कुणी काही विचारत नाही.

एवढं नाव झाल्यावर माणसाचं जे व्हायचं ते धनराजचंही झालं. लोक त्याच्याकडं म्हैस पास करायला आणू लागले, नंतर मोटरसायकल, आणि एकदा तर एका पाहुण्यानं होणारा जावईच दुकानात आणून उभा केला. धनराजनं त्याचे दात बघितले म्हणतात.

एक नियम मात्र त्याचा पक्का होता. चाचणीत उगवलेले दाणे टाकून द्यायचे. पेरायचे नाहीत, विकायचे नाहीत. त्यांचं काम संपलं. ते टाकायचं काम त्याच्या आईकडं, नागूबाईकडं. ती सहाव्या दिवशी पदर पसरून यायची, मोड आलेले दाणे पदरात घ्यायची आणि "येते टाकून" म्हणत घरामागं जायची. कुठं टाकते, हे धनराजनं कधी विचारलं नाही. टाकलेल्या गोष्टीची चौकशी कोण करतंय?

यंदाच्या मे महिन्यात वाचनालयाला एक पत्र आलं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, दोन कपाटं, एक कूलर (बंद) आणि सरकारनं दिलेले सहा कम्प्युटर. सगळं सांभाळायची मंजुश्री. शेताची पहाणी, म्हणजे तिकडचा सातबारा, काढून देणं, परीक्षेचा निकाल बघून देणं, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा फॉर्म भरणं, सगळं त्या सहा कम्प्युटरांवर. समितीचा अध्यक्ष धनराज. तिनं पत्र घेऊन थेट दुकान गाठलं.

"काका, कन्नडमधी हाय, मी सांगते. गावातल्या नवशिक्या माणसानं कम्प्युटरवर स्वतः गेम तयार करायचा. कशावरनं शिकायचं ते आपणच निवडायचं. बारा दिसांनी बीदरहून गुरुबसव साहेब बघायला येणार."

"गेम? कामून गेम?"

"ते पत्रात न्हाई. गेम चालला तर कम्प्युटर ऱ्हातेत. न्हाई चालला तर सहाच्या सहा दुसऱ्या गावाला."

धनराजनं हातातला सोयाबीनचा दाणा खाली ठेवला. "कोणत्या गावाला?"

"तेबी न्हाई पत्रात."

पण दुसरं गाव म्हटल्यावर कमठाण्याच्या माणसाला नाव कळायची गरज नव्हती. आपल्या कम्प्युटरवर दुसरं गाव पहाणी काढायलंय, हे चित्रच पुरेसं होतं. शिवाय आपण अध्यक्ष असताना. त्याच दिवशी संध्याकाळी धनराजनं समिती बोलावली आणि एका तासात त्याला कळलं की गेम करणं सोपं असेल, पण कशावरनं शिकायचं हे ठरवणं अवघड आहे.

निवृत्त मास्तर तात्याराव आले ते एक इंग्रजी पुस्तक घेऊनच. गुलबर्ग्याहून आणलेलं, अकराशे पानांचं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं तेव्हा टेबलाचा पाय हलला.

"पाया पक्का पाहिजे," तात्याराव म्हणाले. "पहिली नव्वद पानं लेखकानं लोकांचे आभार मानलेत. ह्याला म्हणतेत अभ्यास!"

अमरदीप बीदरहून कम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेला. दोन वर्षं झाली, गावाला कम्प्युटरमधलं काही विचारायचं झालं तर तो "अवलंबून आहे" असं उत्तर द्यायचा. त्यानं मोबाईल पुढं केला. "पुस्तक कोण वाचतंय मास्तर? हे बगा, हिंदीतले व्हिडिओ. दोनशे चौदा भाग. जगात एक नंबर."

"तू किती बघितलास?"

"मी शिकणारा न्हाई, मी सुचवणारा."

मंजुश्रीनं हळूच आपलंही सांगितलं. एक फुकट वेबसाईट होती, मराठी-कन्नड दोन्हीत चालणारी. तिथं काही लिहायचं नाही. 'चाल', 'वळ', 'आवाज कर' असे रंगीत ठोकळे असतात, ते माऊसनं ओढून एकाखाली एक जोडायचे. पडद्यावरचं चित्र तसं वागतं.

"ते पोरासोरांचं," तात्याराव आणि अमरदीप एकदमच म्हणाले. त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, त्यामुळं दोघंही जरा दचकले.

भांडण जुंपलं. धनराज मात्र शांत होता. बाहेरच्या माणसाला ते मोठेपण वाटलं असतं, पण खरं म्हणजे त्याला तिन्हीतलं काहीच कळलं नव्हतं. आणि न कळलेल्या गोष्टीची परीक्षा कशी घ्यायची, हे तर तो बावीस वर्षं करत होता.

"थांबा," तो म्हणाला. "थैलीवरचं चित्र बघून कुणी बी घेतंय का? तीन थैल्या हायेत. उगवण चाचणी करू. एकेका थैलीला धा माणसं, तीन दिस. ज्याच्यात सात उगवले ते साधन पास."

"माणूस उगवला हे कळायचं कसं?" मंजुश्रीनं विचारलं.

"पडद्यावर कायतरी त्यानं सांगितल्यावानी हललं की मोड आला समज."

अशी चाचणी जगात कुठं झाली नसेल. पण धनराजनं ठरवलं म्हणजे झालं.

बी उगवायला ओल आणि सावली लागते, म्हणून त्यानं पहिलं काम केलं ते वाचनालयाच्या खिडक्यांना ओली पोती टांगली. मंजुश्रीला वाटलं, उन्हासाठी असतील. गावालाही तेच वाटलं, आणि बाहेर अंगाची लाही व्हायलेली असताना वाचनालयात गारवा आहे हे कळताच नवशिक्यांची रांग लागली. धनराजनं मूठभर दाणे काढावेत तशी त्यातली दहा काढली. निवडायचं नाही, वरून-खालून-मधून जे हाताला येईल ते, हाही चाचणीचा नियमच.

पहिली थैली, तात्यारावांचं पुस्तक. पुस्तक एकच, म्हणून तात्याराव वाचणार आणि दहाजण ऐकणार. पहिला अख्खा दिवस आभारात गेला. दुसऱ्या दिवशी चारजण आले, कारण इतरांना वाटलं की कोणीतरी वारलंय आणि त्याची शोकसभा चाललीय. तिसऱ्या दिवशी दोन उरले. त्यातला एक झोपलेला होता. दुसरा हरिओम, तो जागा होता, पण तो आपल्या पहाणीसाठी आला होता आणि तात्याराव थांबायची वाट बघत होता.

"शून्य," धनराजनं वहीत लिहिलं.

"खोलवर रुजायला वेळ लागतोय," तात्याराव म्हणाले.

"खोल पेरलेलं वर येत न्हाई मास्तर. कुजतंय."

दुसरी थैली, अमरदीपचे व्हिडिओ. नवीन दहा माणसं. पहिल्या भागात शिकवणाऱ्यानं सांगितलं की त्याच्या चॅनलचं बटण दाबा. सगळ्यांनी दाबलं. दुसऱ्या भागात सांगितलं की अमुक सॉफ्टवेअर उतरवून घ्या. सगळ्यांनी एकदमच उतरवायला घेतलं आणि कमठाण्याचं इंटरनेट त्रेचाळीस टक्क्यांवर येऊन बसलं. दुसऱ्या दिवशीही त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी दुपारी चव्वेचाळीस झालं तेव्हा टाळ्या पडल्या आणि लाईट गेली. दहाजण शिकले ते एवढंच, की काहीही सांगायच्या आधी "तो दोस्तों" म्हणायचं. त्या दहातली हरिओमची बायको आठ दिवस भाजी वाढताना तसं म्हणत होती.

"पडद्यावर हललं की," अमरदीप म्हणाला. "आकडा हलला."

"सांगितल्यावानी हलला का?"

"अवलंबून आहे."

"शून्य."

तिसऱ्या थैलीला माणसं मिळेनात. गावात बातमी पसरली होती, की वाचनालयात नेऊन बसवतात आणि काहीच होत नाही. शेवटी हाताला लागतील ती दहा भरली: बीदरजवळच्या कोळारच्या गोदामात माल चढवणारा काशाप्पा, पाळी संध्याकाळची म्हणून, त्याची बायको पद्माबाई, तो काय करायलाय ते बघायला, आणि मुलासाठी डबा घेऊन आलेली खुद्द नागूबाई, कारण दहावा माणूसच नव्हता.

"माय, तू बस तेवढं."

"मला येत न्हाई रे."

"म्हणूनच बस. येणारं बी कशाला टेस्ट करायचं?"

काशाप्पाच्या घरी आज्यापर्यंत मेंढरं होती. ठोकळे बघताच त्यानं मेंढी शोधली, तिच्याखाली 'चाल' लावलं आणि ती चालली. चालतच राहिली. पडद्याच्या कडेला जाऊन दिसेनाशी झाली तसा काशाप्पा उठला आणि कम्प्युटरच्या मागं जाऊन बघू लागला.

"अण्णा, काय शोधायलाव?" मंजुश्रीनं विचारलं.

"गेली कुठं बघायलो."

"'कडेला लागली की वळ' हा ठोकळा लावायचा ऱ्हायला."

काशाप्पा खाली बसला. "व्हय की. वळवायला माणूसच ठेवला न्हाई मी." आणि मग त्यानं अख्खा कळप वळवला.

नागूबाईचं वेगळंच. तिच्या घरच्या गच्चीवर त्याच दिवसांत बाजेवर पापड वाळत होते आणि तिचा जीव तिकडंच. तिनं पडद्यावर बाज मांडली, पापड मांडले आणि कावळा आणला. कावळ्याला बोटानं टिचकी मारली की तो उडतो, नाही मारली की पापड नेतो. तीन दिवसांत तिनं तेवढं केलं. शिवाय "हाऽड!" असा स्वतःच्या आवाजात ठोकळाही भरला. तो आवाज पहिल्यांदा निघाला तेव्हा वाचनालयाच्या छपरावरचा खरा कावळा उडाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धनराजनं चार माणसांदेखत मोजलं. दहापैकी आठ. "पास!" त्याला फार बरं वाटलं. मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. अजून तीन दिवस होते, गेम जवळजवळ तयार होता, कम्प्युटर वाचले होते.

"चला," धनराज त्या आठजणांना म्हणाला, "तुमचं काम झालं. उद्यापासनं येऊ नका."

कुणाला कळेना. मंजुश्री म्हणाली, "काका, ह्यांना तर आता यायला लागलंय!"

"म्हणूनच. चाचणीचं बी पेरत असतेत का? ही टेस्टची माणसं. पेरायला थैलीतलं ताजं घ्यायचं."

"माणसं हायेत काका, सोयाबीन न्हाई!"

"नियम नियम असतोय, पोरी. आज ह्या कामात मोडला तर उद्या दुकानात कोण विश्वास ठेवतंय?"

काशाप्पानं एकदा पडद्यावरच्या मेंढरांकडं बघितलं आणि गोदामाच्या पाळीला निघून गेला. नागूबाईनं डबा उचलला. "येते टाकून," ती म्हणाली. काय टाकून, ते तिनं सांगितलं नाही आणि धनराजनं सवयीप्रमाणं विचारलं नाही.

ताजं बी म्हणून धनराजनं ह्या वेळी निवडून दाणे घेतले. टपोरे. अमरदीप पहिला, शिवाय दोघं इंजिनिअर, एक एम.एस्सी. आणि असेच शिकलेले सहाजण. धनराजनं त्यांना सकाळ-संध्याकाळ चहा दिला. मनातल्या मनात तो त्याला बीजप्रक्रिया म्हणत होता.

पहिल्या दिवशी दहाजणांनी ठोकळे बघितले आणि हसले. "हे शिकून पुढं काय?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, की सुरुवातच चुकीच्या साधनावरनं केली तर आयुष्यभर वाईट सवय लागते. तिसऱ्यानं एक यादी शोधली, 'नवशिक्यांसाठी सर्वोत्तम दहा साधनं'. चौथ्यानं दुसरी यादी शोधली. दोन याद्या जुळेनात, म्हणून त्यांनी याद्या कशा निवडाव्यात ह्यावरचा एक लेख वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन पक्ष झाले. तिसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांनी मिळून एक तक्ता केला. धनराज दारातनं डोकवायचा, पडद्यावर रंगीत काहीतरी दिसायचं, दहा शिकलेली डोकी पुढं झुकलेली दिसायची आणि तो समाधानानं पोत्यांवर पाणी मारून दुकानात जायचा.

दुकानात त्याला त्या तीन दिवसांत एक वेगळी गोष्ट जाणवली. दुपारी जेवून तो घरात आडवा झाला की बाहेर दुकानात कावळे फार ओरडायचे. "माय, कावळा बघ गं," तो झोपेतच म्हणायचा. "बघायले, बघायले," नागूबाई बाहेरनं म्हणायची.

मंगळवारी अकराला गुरुबसव साहेब आले. घाम पुसत, घड्याळ बघत. त्यांना पुढं आणखी तीन गावं होती. समिती खुर्च्यांवर बसली. तात्यारावांनी हार घातला. धनराजनं फॉर्मवर दहा टपोरी नावं आधीच लिहून ठेवली होती, खाली स्वतःची सही. अमरदीप उभा राहिला आणि त्यानं पडद्यावर तक्ता लावला. आडव्या ओळीत सतरा साधनं, उभ्या ओळीत चोवीस निकष.

तो पस्तीस मिनिटं बोलला. साहेबांनी पाणी पिलं. मग विचारलं, "गेम एल्ली अप्पा? गेम कुठं हाय?"

"सर, गेम कोणत्या साधनावरनं शिकावा, त्याचा हा पहिला टप्पा..."

"गेम हाय का न्हाई?"

अमरदीपनं एक क्षण विचार केला. "अवलंबून आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बावीस वर्षांत धनराजनं पास केलेल्या थैलीतनं एकही दाणा वर आला नाही असं झालं नव्हतं. आणि इथं दहाच्या दहा. चारी गावांत संध्याकाळपर्यंत बोभाटा होईल. त्याच्या डोळ्यांसमोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सहा कम्प्युटर दिसायला लागले.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडनं, त्याच्याच दुकानातनं, मोठ्ठा आवाज आला. "हाऽड!"

साहेब दचकले. "काय ते?"

"माझी माय हाय," धनराज म्हणाला. "कावळा..." आणि मग त्याच्या एकदम ध्यानात आलं, की आपल्या दुकानात पापड कुठं वाळतात? दुकानात आहे तो फक्त त्याचा बिलाचा कम्प्युटर. मंजुश्री खिडकीतल्या पोत्याकडं तोंड करून उभी होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

आता इथं धनराज गप्प बसू शकला असता. फॉर्मवर नावं टपोऱ्यांची होती, चूक त्यांच्यावर ढकलता आली असती आणि त्याचा नियम शाबूत राहिला असता. कम्प्युटर गेले असते एवढंच. तो तसा अर्धं मिनिट बसलाही. मग उठला.

"साहेब, दोन मिनटं माझ्या दुकानात या. गेम तिथं हाय. मी टाकून दिल्ता."

दुकानात बियाण्याच्या थैल्यांमध्ये नागूबाई पाटावर बसली होती. शेजारी काशाप्पा उभा, पाळी बदलून घेतलेला. पडद्यावर बाज होती, पापड होते, आणि बाजेभोवती आता काशाप्पाच्या मेंढ्याही फिरत होत्या, कारण, तो म्हणाला, पापड काय नुसते कावळेच खातेत व्हय?

"हे तुमी केलं, अम्मा?" साहेबांनी विचारलं.

"टाकायला सांगितलं होतं पोरानं. मी जरा इथंच टाकलं."

"बघू." नागूबाई उठली आणि साहेब पाटावर बसले. कावळ्याला टिचकी मारली. "हाऽड!" कावळा उडाला. साहेब खूश झाले. दुसरा आला. तेवढ्यात मेंढीनं कडेचा पापड नेला. साहेबांनी बाह्या वर केल्या. चहा आला, निवला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. पुढची तीन गावं साहेबांची वाट बघत होती आणि साहेब नागूबाईच्या आवाजात कावळे हाकत होते.

"ह्याच्यात जिंकायचं कसं?" शेवटी त्यांनी घायकुतीला येऊन विचारलं.

"जिंकायचं?" नागूबाई म्हणाली. "कावळा एकदा हाकलला म्हणून येयचा थांबतोय का, साहेब? पापड वाळेपर्यंत बसायचं."

"किती वेळ?"

"चार दिस."

साहेबांनी पडद्याकडं, मग घड्याळाकडं बघितलं आणि फॉर्म मागितला. 'गेम चालतो' ह्या चौकटीत खूण केली. जरा थांबून कडेला लिहिलं, 'थांबत नाही'. मग तो फॉर्म धनराजपुढं धरला. "ही धा नावं चूक हायेत. बदल करा, सही करा."

धनराजनं अमरदीपपासनं एकेक नाव खोडलं. खाली त्यानं लिहिलं: नागूबाई. काशाप्पा. 'शिकण्याचं साधन' ह्या रकान्यात त्यानं ठोकळ्यांच्या वेबसाईटचं नाव लिहिलं. 'निवडणाऱ्याचं नाव' ह्या रकान्यापुढं तो अडला, आणि मंजुश्रीचं नाव लिहून मोकळा झाला.

साहेब गेल्यावर हात धुवायला म्हणून तो घरामागं गेला. तिकडं जायची त्याला कधी वेळच येत नसे. मोरीचं पाणी जिथं वाहून जातं तिथं गुडघ्याएवढी तूर उभी होती, पलीकडं सोयाबीनच्या चार ओळी, दहा-दहाच्या. भर उन्हाळ्यात हिरव्यागार. धनराज सवयीनं मोजायला लागला, आणि मोजता मोजता त्यानं सोडून दिलं.

परत दुकानात आला तेव्हा नागूबाई कम्प्युटर बंद करत होती.

"माय, राहू दे. मलाबी दाखीव जरा, तो कावळा कसा उडतोय."

नागूबाईनं त्याला वरून खालपर्यंत बघितलं, थैलीत हात घालून दाणा काढल्यावर तो बघायचा तसं. मग पाटावरनं उठली, दारातलं ओलं पोतं काढून खिडकीला अडकवलं आणि त्यावर तांब्याभर पाणी मारलं.

"बस," ती म्हणाली. "तीन दिस बघू. न्हाई उगवलास तर कंपनीला परत."